‘ती लेकरं उपाशी का आहेत?’ भूक आणि गरिबी लहान मुलांना कशी सांगावी

लेकरं हा प्रश्न वेळ बघून विचारत नाहीत. बातम्यांत रिकामी पातेली घेऊन उभ्या असलेल्या पोरांची रांग दिसते आणि घास तोंडात असतानाच प्रश्न येतो. लातूरच्या बसस्टँडवर कुणीतरी हात पुढं करतं, आपण नजर चुकवून पुढं निघतो आणि बोट धरलेलं लेकरू मागं वळून बघत राहतं. दिवाळीनंतर शाळा भरते तर वर्गातली काही बाकं रिकामी असतात. विचारलं की ‘ऊसतोडीला गेला’ एवढंच उत्तर मिळतं.

आपल्या घरांत यावर दोन उत्तरं तयार असतात. एक, ‘तिकडं लेकरं अन्नाविना मरतात आन् तू ताटात टाकतूस!’ दुसरं, ‘अभ्यास कर, नाहीतर तुझ्यावर बी अशीच पाळी येईल.’ पहिल्यातून लेकराला एवढंच कळतं की पोटभर जेवणं हा काहीतरी गुन्हा आहे. आपण दोडक्याची भाजी संपवली तर तिकडच्या पोराचं पोट कसं भरेल, हे कोडं तसंच राहतं. दुसरं उत्तर मला जास्त वाईट वाटतं. गरीब माणूस आळशी किंवा बिनडोक असतो म्हणूनच गरीब राहतो, हा समज तिथंच पक्का होतो. मग वर्गात फाटकं दप्तर आणणाऱ्या पोराकडं ते लेकरू त्याच नजरेनं बघतं.

माझं म्हणणं असं की, अन्न आणि माणूस यांच्यामधली वाट तुटली की भूक येते. ही वाट कशी तुटते आणि पुन्हा कशी जोडली जाते, हे लहान लेकरालाही कळतं. मराठवाड्यातल्या घरांना तर त्यासाठी दूरच्या देशापासून सुरुवात करायची गरजच नाही.

खालच्या पायऱ्या चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. सगळं एका बैठकीत सांगायचं नाही. बालवाडीतल्या लेकराला पहिल्या दोन पायऱ्या पुरे. वाटेचं चित्र पहिली-दुसरीपासून आणि नकाशा-आकडे तिसरी-चौथीत. अवघड प्रश्न मात्र कोणत्याही वयात येतात.

पायरी 1 : आधी त्याच्या डोक्यात काय आहे ते काढून घ्या

प्रश्न आला की लगेच भाषण सुरू करू नका. ‘तुला काय वाटतं, का असतील उपाशी?’ असं विचारा आणि गप्प बसा. एखादं म्हणेल, ‘त्यांची आई स्वयंपाक करत नसेल.’ एखादं म्हणेल, ‘त्यांच्याकडं एटीएम नसेल.’ हसू नका, कारण तुमचं उत्तर तिथूनच सुरू होणार आहे. कधीकधी प्रश्न उपाशी लेकरांबद्दल नसतोच, ‘आपल्यावर अशी वेळ येईल का?’ ही भीती त्याच्या आड लपलेली असते. रात्री झोपताना विचारलेला प्रश्न बहुधा असा असतो. तेव्हा आधी जवळ घ्या आणि सांगा, ‘आपल्या घरात खायला आहे, तुझ्या जेवणाची काळजी आम्ही करतो.’ बाकीचं सकाळी बोला.

पायरी 2 : भूक म्हणजे काय, ते अंगाच्या भाषेत सांगा

लेकराला उपास माहीत असतो आणि त्याच्या मते उपास म्हणजे मजा. आषाढी एकादशीला घरात साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी असते. तिथूनच धरा : ‘उपास आपण आपल्या मनानं धरतो. कधी सोडायचा ते ठरलेलं असतं. ज्यांना खायला मिळत नाही, त्यांनी उपास धरलेला नसतो. पुढचं जेवण कधी मिळेल हे त्यांना माहीत नसतं.’ भुकेची एवढी व्याख्या लहान वयाला पुरते.

मग अंगाला काय होतं ते सांगा. आधी पोटात कालवतं, मग चिडचिड होते, डोकं जड होतं, खेळावंसं वाटत नाही, बाई फळ्यावर काय लिहितात ते डोक्यात शिरत नाही. बरेच दिवस असं चाललं तर वाढ खुंटते आणि साधा तापही झेपत नाही. यापुढं जाऊ नका. हाडं दिसणाऱ्या पोरांचे फोटो तर मोबाइलवर मुळीच दाखवू नका. त्यातून लेकराला कारण कळत नाही, नुसती भीती बसते. आणि फोटोतल्या त्या पोराला कुणी विचारलेलं नसतं.

दुसरी भूक दिसत नाही. पोट भरलेलं असतं, पण रोज भाकर आणि मिरचीचा ठेचा. डाळ नाही, अंडं नाही, दूध नाही, पालेभाजी नाही. अशा लेकराचं अंग आतून उपाशी राहतं. घरात धाकटं भावंड अंगणवाडीत जात असेल तर दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी थोरल्यानं पाहिलेली असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टी लाल दाखवते, साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळी, त्यापुढं हिरवी. ‘ताई पट्टी का लावतात माहीत आहे? बाळ आतून उपाशी आहे का, हे त्यांना बघायचं असतं.’ अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, म्हणजे कदाचित तुम्ही स्वतःही लहानपणी अंगणवाडीत गेला असाल. हेही सांगा, लेकरांना आईबाप लहान होते हे ऐकायला फार आवडतं.

पायरी 3 : भाकरीची वाट काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. जुन्या वहीचं मधलं जोडपान काढा आणि खडूपेटी घ्या. डाव्या कोपऱ्यात वावर काढायला सांगा, उजव्या कोपऱ्यात घर. आता दोन वाटा काढायच्या.

पहिली वाट वावरातून निघते : पेरणी, पाऊस, काढणी, मळणी, मोंढा (धान्याचा बाजार) आणि शेवटी किराणा दुकान किंवा रेशनचं दुकान. ही भाकरीची वाट. दुसरी वाट घरातून निघते : काम, मजुरी, हातात पैसे, पिशवी आणि तेच दुकान. ही माणसाची वाट. दोन्ही वाटा दुकानापाशी भेटल्या की ज्वारी घरी येते, तव्यावर जाते आणि ताटात उतरते. बहुतेक लोक फक्त पहिली वाट दाखवतात, म्हणून लेकराला वाटतं की पाऊस पडला नाही की भूक येते आणि पडला की जाते. दुसरी वाट काढल्याशिवाय गरिबी समजतच नाही.

चित्र झालं की लाल खडू हातात द्या. ‘आता ही वाट कुठं कुठं तुटू शकते, तिथं फुली मार.’ घाई करू नका, पोरं स्वतः शोधतात.

पाऊस आला नाही, ही पहिली फुली मराठवाड्यातलं कोणतंही पोर न सांगता मारेल. जास्त पाऊस ही दुसरी. सप्टेंबर 2025 मध्ये बीड, धाराशिव, जालना, लातूरकडं पुरानं उभं पीक गेलंच, कित्येक ठिकाणी वावरातली माती खरवडून नेली. ज्या घरानं ते पाहिलं त्या घरातल्या लेकराला वेगळं सांगायला नको.

तिसरी फुली भावाची. इथं हमखास प्रश्न येतो : ‘शेतकरी तर धान्य पिकवतो, मग तो गरीब कसा?’ प्रश्न चांगला आहे, त्याला चांगलंच उत्तर द्या. आपल्याकडं बहुतेक वावरांत सोयाबीन आणि कापूस असतो. कापूस खाता येत नाही आणि सोयाबीनची काही भाकर होत नाही. ते विकून घरात ज्वारी, तेल, मीठ आणायचं असतं. बियाणं-खताची उधारी डोक्यावर असते, म्हणून काढणी झाली की लगेच विकावं लागतं. सगळ्यांचाच माल एकदम मोंढ्यात येतो आणि भाव पडतो. वर्ष सरता सरता घरातली ज्वारी संपली की दुकानातून विकत आणावी लागते, ती महाग. म्हणजे पिकवणाऱ्याच्या वाटेवरही फुली असते, फक्त दुसऱ्या ठिकाणी.

चौथी फुली मजुरीवर : काम मिळालं नाही, किंवा मिळालं पण पैसे थोडे. पाचवी दवाखान्यावर : घरातलं माणूस आजारी पडलं, पिशवीतले पैसे तिकडं गेले. सहावी लढाईवर. ती नकाशाच्या पायरीसाठी राखून ठेवा.

मोठ्या मुलांना इथंच एक गणित घाला. जगात वर्षाला गहू, तांदूळ, मका, ज्वारी अशी सगळी मिळून साधारण 280 कोटी टन तृणधान्यं पिकतात. माणसं 800 कोटींहून थोडी जास्त. भागाकार करायला लावा. वर्षाला माणशी जवळपास साडेतीनशे किलो, दिवसाला किलोभर. एवढ्या पिठाच्या भाकरी एका माणसाला संपणारही नाहीत. मग जातं कुठं? बराचसा मका जनावरांच्या खाद्यात जातो, काही धान्यापासून गाड्यांचं इंधन होतं, आणि बरंच अन्न वाया जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या हिशेबानं 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न फेकलं गेलं. त्यातलं निम्म्याहून जास्त हॉटेलांत वा लग्नाच्या मांडवांत नाही, घराघरांत. हे ऐकून पोरं गप्प होतात. गप्प होऊ द्या.

पायरी 4 : आज्जीला बोलतं करा

घरात, गल्लीत पासष्टी ओलांडलेलं कुणीही असेल तर ‘बहात्तर’ म्हटलं की पुरे. 1972 च्या दुष्काळावर धडा वाचून दाखवण्यापेक्षा लेकराला प्रश्न लिहून द्या आणि मुलाखत घ्यायला पाठवा. आज्जी, तेव्हा तू काय खात होतीस? पाणी कुठून आणायचे? बैलांचं काय केलं? कामाला कुठं जायचे? हप्त्याला पैसे किती मिळायचे? सुकडी म्हणजे काय?

उत्तरांत बहुतेक वेळा या गोष्टी येतील : परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, जिच्या भाकरीची चव आठवून म्हातारी माणसं आजही तोंड वाकडं करतात. लेकरांना वाटली जाणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ. माळावर खडी फोडणारे हजारो हात. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा सरकारी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. आजही कित्येक गावांत ‘हा तलाव बहात्तरचा’ असं दाखवतात. लेकराला त्या तलावावर घेऊन जा.

मग चित्राकडं परत या आणि विचारा, ‘पाऊस तर आलाच नव्हता. पहिली वाट तुटलेलीच होती. मग आज्जी जगली कशी?’ उत्तर दुसऱ्या वाटेवर आहे. सरकारनं काम काढलं, कामाची मजुरी मिळाली, मजुरीतून बाहेरून आलेलं धान्य घेता आलं. त्या अनुभवातून वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना पक्की झाली आणि 1977 मध्ये महाराष्ट्रानं तिचा कायदा केला : गावातल्या माणसानं काम मागितलं तर ते देणं सरकारवर बंधनकारक. पुढं 2005 मध्ये देशानं तसा कायदा केला, त्यामागं आपल्याकडचा हा अनुभव होता.

याच्या शेजारी 1943 चा बंगाल ठेवा, पण चौथीच्या पुढच्यांसाठीच. तिथं तांदूळ अगदीच पिकला नव्हता असं नाही. महायुद्ध चालू होतं, तांदळाचे भाव आभाळाला भिडले आणि मजुरांची, कोळ्यांची, नावाड्यांची कमाई तिथंच राहिली. सुमारे 30 लाख माणसं गेली. नऊ वर्षांच्या एका मुलानं ती भुकेली माणसं आपल्या दारावरून जाताना पाहिली. मोठेपणी त्यानं त्या वर्षाचा हिशेब काढला आणि दाखवलं की दुष्काळात माणसं मरतात ती बहुतेक वेळा अन्न नसल्यामुळं नाही, अन्न मिळवण्याची ताकद गेल्यामुळं. ते अमर्त्य सेन. 1998 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. लेकरांचे प्रश्न वाया जात नाहीत, हे पटवायला यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

एक सांभाळा. बहात्तरची गोष्ट गोड करू नका. काम हाडं मोडणारं होतं, मजुरी तुटपुंजी होती, जनावरं डोळ्यांदेखत गेली. आज्जी सांगता सांगता थांबली तर तिला थांबू द्या आणि लेकरालाही खुणेनं थांबवा.

पायरी 5 : शेजारच्या बाकावरची गरिबी

भूक आणि गरिबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता सांगायचं. पोट भरत असूनही माणूस गरीब असू शकतो. लहान मुलाला असं सांगता येतं : ‘गरिबी म्हणजे पैसे कमी असणं, आणि त्यामुळं आपल्या मनासारखं निवडता न येणं. पोराला शाळेत ठेवायचं मनात असतं, पण सोबत न्यावं लागतं. ताप आला तर दवाखान्यात जायचं असतं, पण आधी मजुरी बघावी लागते.’

आपल्याकडं याचं जवळचं उदाहरण ऊसतोड. बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पावसाळ्यात घर चालवायला, लग्नाला, दवाखान्याला मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. टोळी कारखान्याच्या आसपास कोप्या (झोपड्या) घालून राहते. पहाटे अंधारात उसाच्या फडात जायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. लेकरू लहान असेल तर ते कोपीपाशी नाहीतर फडाच्या बांधावर. काही मुलं आज्जी-आजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात मागं राहतात. गुढीपाडव्याच्या आसपास सगळे परततात, तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं आणि पुस्तकातले कितीतरी धडे मागं राहिलेले असतात.

हे सांगताना चहात साखर टाकत असाल तर ती साखर कुठून आली तेही सांगा. लेकराला समजलं पाहिजे की मित्राचे आईबाप काहीच करत नाहीत असं नाही, ते तुमच्याआमच्यापेक्षा जास्त राबतात. ‘काम करत नाहीत म्हणून गरीब’ हा समज इथं आपोआप गळतो.

पण त्या पोराचं नाव घेऊन, ‘बघ, तो अमुक किती गरीब आहे’ असं कधीही बोलू नका. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य वर्गात जातं, आणि जसंच्या तसं जातं. त्याऐवजी व्यवहाराचं बोला : तो परत आला की त्याला राहिलेलं कुठलं पान दाखवशील? वही देशील? शाळेतल्या माझ्या भगिनी-बंधूंनाही सांगणं आहे : प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभं करून, फोटो काढून गणवेश वाटू नयेत. देणाऱ्याचं नाव होतं आणि घेणारं पोर वर्षभर ‘फुकटवालं’ होतं.

पायरी 6 : आता नकाशा उघडा

घरचं समजल्यावर जग कळायला सोपं जातं. उलट्या क्रमानं गेलात तर भूक म्हणजे ‘आफ्रिकेतलं काहीतरी’ होऊन बसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या अहवालानुसार 2024 मध्ये जगात सुमारे 67 कोटी माणसांना पुरेसं खायला मिळत नव्हतं. कोटी म्हणजे किती हे लहान मुलाला कळत नाही, म्हणून गल्लीतली बारा पोरं उभी करा आणि एकाला बाजूला घ्या : जगात साधारण बारात एक. (रोज वेगळं पोर बाजूला घ्या, नेहमी तेच नको.) त्यातली सुमारे 31 कोटी माणसं आफ्रिकेत आणि 32 कोटी आशियात आहेत. आफ्रिकेत पाचात एक माणूस उपाशी आहे, पण नुसती डोकी मोजली तर आशियात जास्त, आणि त्यांत आपल्या देशातलीही बरीच. हे लपवू नका.

राखून ठेवलेली लढाईची फुली आता मारा. सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून युद्ध चालू झालं. माणसं घरदार सोडून छावण्यांत आली, वावरं पडीक राहिली, धान्याचे ट्रक अडवले गेले. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या झमझम छावणीत अन्नाचा दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं. ऑगस्ट 2025 मध्ये गाझा शहर आणि परिसरातही तेच झालं. लेकराला एवढं सांगा : ‘तिथं भूक पावसानं आणली नाही, मोठ्या माणसांच्या भांडणानं आणली. अन्न सीमेपर्यंत आलं तरी माणसांपर्यंत पोचू शकलं नाही.’ कोण बरोबर, कोण चूक यावर घरातल्या मोठ्यांची तावातावानं चर्चा चालते, ती लेकरासमोर नको.

लगेच वाट जोडणारी माणसंही दाखवा, नाहीतर लेकरू हताश होतं. जागतिक अन्न कार्यक्रम नावाची संयुक्त राष्ट्रांची संस्था जहाजांनी, ट्रकांनी, प्रसंगी विमानातून पोती टाकून धान्य पोचवते. 2020 चा शांततेचा नोबेल तिला मिळाला.

पायरी 7 : अवघड प्रश्न येणारच

‘सरकार नोटा छापून सगळ्यांना का देत नाही?’ ताटात दहा पेरू ठेवा, दहा चिठ्ठ्यांच्या नोटा करा, दुकान मांडा. मग प्रत्येकाला आणखी दहा नोटा द्या. पेरू दहाच राहतात, भाव वाढतो. हा खेळ पाच मिनिटांत आटोपतो.

‘देव त्यांना का देत नाही?’ ज्याच्या त्याच्या घरच्या श्रद्धेप्रमाणं सांगा. फक्त ‘मागच्या जन्मीचं पाप’ हे उत्तर देऊ नका. भुकेल्या लेकराला वरून आणखी दोष कशाला?

‘भीक मागणाऱ्याला पैसे द्यायचे का?’ यावर घराघरांत वेगळी मतं आहेत. मी म्हणेन, देणार असाल तर नजरेला नजर देऊन द्या, खायला दिलं तर आपण स्वतः खाऊ असंच द्या. देणार नसाल तरी हाकलू नका. तुम्ही काय देता यापेक्षा कसं बोलता ते लेकरू लक्षात ठेवतं. लहान मूल एकटंच भीक मागताना किंवा राबताना दिसलं तर 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर कळवता येतं, हेही त्याच्यासमोर करून दाखवा.

आणि मराठवाड्यातला सगळ्यात जड प्रश्न : ‘त्या काकांनी फाशी का घेतली?’ गावात असं घडलं की लेकरांपासून ते लपत नाही, ओट्यावर सगळी चर्चा त्यांच्या कानांवर पडते. अशा वेळी ‘कर्ज झालं म्हणून जीव दिला’ असं एका ओळीत सांगू नका. ज्या लेकरानं आपल्या बापाच्या तोंडून ‘बँक’, ‘हप्ता’, ‘सावकार’ ऐकलंय, त्याला त्या वाक्यात पुढची पायरी आपल्या घराची दिसते. असं सांगता येईल : ‘काका खूप दिवस मनातून दुःखी होते. अशा वेळी माणसाला वाटतं की आता काहीच रस्ता नाही, पण रस्ता असतो, मदत मिळते. आपल्या घरी कर्ज आहे, ते आम्ही मोठी माणसं मिळून फेडतोय.’ कसं केलं, कुठं केलं, याचे तपशील देऊ नका. आणि घरात खरोखरच कुणी तसं बोलत असेल, तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आधाराच्या सेवेचा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पायरी 8 : हाताला काहीतरी काम द्या

नुसतं ऐकून लेकराच्या मनावर ओझं होतं, म्हणून छोटं काम द्या. ताटात लागेल तेवढंच घ्यायचं, लागलं तर पुन्हा मागायचं. पण ते घरच्या कष्टाच्या मानासाठी. ‘उपाशी लेकरांसाठी’ असं म्हणू नका, ती दोरी तिथपर्यंत पोचत नाही.

रेशनच्या दुकानात एकदा सोबत न्या. तुमचं कार्ड कुठल्याही रंगाचं असो, रांग बघू द्या. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. 2023 पासून ते मोफत मिळतं. ‘हक्क’ असंच म्हणा, ‘फुकट’ नको.

शाळेतल्या खिचडीबद्दलही तेच. 1995 मध्ये योजना आली तेव्हा पोरांना घरी न्यायला तांदूळ मिळायचे. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागं दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ-गहू आणि 20 ग्रॅम डाळ ठरलेली आहे. ‘आमचा डबा असतो, आम्ही खिचडी खात नाही’ असं मोठेपणानं सांगणाऱ्या घरांना माझी विनंती : तुमच्या लेकराला त्या पंगतीत बसू द्या. वेगळं बसलं की ते जेवण ‘गरिबांचं’ होतं.

लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा सण, तर यासाठी आयती संधी आहे. वावरात भज्जी, उंडे, आंबील असते आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी आंबिलीचा तांब्या लेकराच्या हातात द्या आणि वाढायला त्याला पुढं करा.

आणि आपल्याच घरात चणचण असेल तर

असे लेख बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांसाठी लिहिलेले असतात. पण वाचणाऱ्यांतल्या काहींच्या घरी महिनाअखेरीला डब्यात खडखडाट असतो. लेकराला ते कळतं, त्यामुळं ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ असं म्हणू नका. ‘या महिन्यात पैसे कमी आहेत, म्हणून सायकल आता नाही. जेवायला आहे. शाळा चालू राहील. ही तुझी चूक नाही आणि आमचीही नाही,’ एवढं स्पष्ट सांगा. सावकाराशी झालेलं बोलणं, हप्त्याचे आकडे मात्र त्याच्यापुढं नको. लेकरू घरचा हिशेब डोक्यावर घेतं आणि मग वही संपली तरी मागत नाही. सहलीचं पत्रक दप्तरातच दडवलं असेल, जेवताना ‘मला भूक नाही’ म्हणत असेल, तर समजून घ्या आणि वाढा.

कामासाठी बाहेर जायचं असेल तर निघण्याआधी दोन कामं करा. रेशन कार्ड आधारशी जोडलेलं आहे ना, हे दुकानात विचारा. जोडलेलं असलं की ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात, जिथं असाल तिथल्या रेशन दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं. आणि शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगा की आम्ही अमुक महिन्यापर्यंत जातोय, हंगामी वसतिगृहाची सोय आहे का. लेकरू सोबत येणार असेल तर तिथल्या गावच्या शाळेत त्याचं नाव घाला. शिक्षण हक्क कायद्यानं कागद अपुरे असले तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.